नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

हडपसर, पुणे
१४ जून

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर एका दमात म्हणालीस, "मामा, नेट गेलंय, आजोबांची मेल येत नाहीये, राउटर कितीदा बंद-चालू केला, मागच्या भोकात पिनही घालून बघितली, आता तूच ये." मी आलो नाही. दुसऱ्या दिवशी लाइनमन येऊन गेला, संध्याकाळी नेट सुरू झालं, पण मेल काही आली नाही. म्हणून हे लिहायला बसलो. सगळं मोबाइलवर पाठवता आलं असतं, पण ज्या दिवशी याची गरज पडेल त्या दिवशी नेटच नसेल. म्हणून कागदावर लिहिलंय. राउटरच्या शेजारच्या कपाटाच्या दाराला आतून लावून ठेव.

तुझ्या त्या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी होत्या आणि तिसरी तू स्वतः तयार केली होतीस. वळिवाच्या पावसात गल्लीतली फांदी पडून बाहेरची केबल तुटली, ही पहिली. आजोबांची मेलची जागा भरून गेली होती, ही दुसरी. तिचा फांदीशी काडीचा संबंध नव्हता. ती त्या आधीपासूनच होती, फक्त नेट गेल्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. आणि पिनेने राउटर रिसेट झाल्यावर कंपनीने आत भरलेलं युजरनेम, पासवर्ड आणि बाकीच्या सेटिंग पुसल्या गेल्या, ही तिसरी. त्यामुळे केबल जोडल्यावरही नेट आलं नाही आणि लाइनमनला पुन्हा बसून सगळं भरावं लागलं. बंद-चालू करणं आणि रिसेट करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं खुशाल कर. दुसऱ्याला, कंपनीच्या माणसाने फोनवर स्वतः सांगितल्याशिवाय, हात लावू नकोस.

मी टेलिफोन खात्यात उमेदवारी केली ती टेस्ट डेस्कवर. लोक १९८ फिरवून सांगायचे, "फोन बंद आहे." एवढंच. त्या तीन शब्दांतून बिघाड घरात आहे, रस्त्यावर आहे की एक्स्चेंजमध्ये, हे आम्हाला ओळखायचं असे. आमच्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात जे शिकवलं ते मी अजून वापरतो. प्रत्येक लाइन एक्स्चेंजमध्ये एमडीएफ नावाच्या मोठ्या फ्रेमवर येते. तिथे ती मधोमध उघडायची. एका बाजूला एक्स्चेंज, दुसऱ्या बाजूला रस्ता आणि घर. एक्स्चेंजच्या बाजूला ४८ व्होल्ट आणि डायल टोन मिळाला, की अर्धं जग निर्दोष ठरलं. तिकडे परत बघायचं नाही. मग रस्त्याच्या बाजूला मीटर लावायचा. तार तुटली असेल तर "डिस", दोन तारा चिकटल्या तर "लूप", पाणी शिरलं असेल तर "अर्थ" किंवा लो इन्सुलेशन. पुढे रस्त्यातल्या पिलरवर उघडायचं, मग घराजवळच्या जोडपेटीवर, म्हणजे डीपीवर. दर वेळी निम्मा रस्ता वगळत जायचं. पावसाळ्यात पेठांतून तक्रारींचा ढीग यायचा, तरी लाइनमन कुठे पाठवायचा ते खुर्चीवर बसून कळायचं.

तुला एवढंच करायचं आहे. काय बिघडलंय हे शोधण्याआधी काय चालू आहे ते शोध. तू मला फोन केलास तो मोबाइलवरून. त्याच मोबाइलवर वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर आजोबांची मेल उघडून बघितली असतीस, तर ती तिथेही येत नाही हे मिनिटात कळलं असतं, आणि मग राउटरवर राग काढायचं कारणच उरलं नसतं.

आता घरातल्यापासून सुरुवात कर. राउटरच्या दिव्यांकडे नीट बघायची सवय लाव. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट खुलं केलं, ते टेलिफोनच्या तारेवरून. त्या काळच्या पुण्यातल्या व्हिजिटिंग कार्डांवर "जीआयएएसपीएन" अशा अक्षरांचे लांबलचक मेल-पत्ते असत. त्यातलं पीएन म्हणजे पुणे. मोडेम लावला की आधी डायल टोन, मग नंबर फिरल्याचा आवाज, मग पलीकडच्या मोडेमची शिट्टी आणि शेवटी खरखर. सरावलेल्या माणसाला नुसत्या कानाने कळायचं की गाडी कुठे अडली: टोनच नाही, नंबर एंगेज आहे, की शिट्टी होऊन खरखर अर्ध्यात तुटते आहे. आताची यंत्रं मुकी आहेत. बोलतात ते फक्त दिवे.

तुमच्याकडे फायबर आहे. ते घरात ज्या डब्याला येऊन मिळतं, त्या डब्यावर पॉन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. लॉस लिहिलेला दिवा लाल झाला, तर कंपनीकडून येणारा उजेडच डब्यापर्यंत पोचत नाहीये. मग वायफायचा पासवर्ड बदलून, लॅपटॉप बंद-चालू करून काहीही होणार नाही. एक गोष्ट मात्र बघ: डब्यामागची ती पातळ वायर कपाटाच्या दारात चेंगरली आहे का, कुणी बोटाभोवती गुंडाळल्यासारखी तिची घट्ट गुंडाळी केली आहे का. काचेचा तंतू फार वळला तर उजेड बाहेर सांडतो. पण हिरवं कनेक्टर उपटून आत डोकावून बघू नकोस. आतला लेसर डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र करू शकतो, आणि टोकाला धूळ बसली की तक्रार वाढते.

लॉस लाल असेल तर दुसरं काम म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचार, त्यांचं चालू आहे का. कंपनी तीच असली पाहिजे, नाहीतर उत्तराचा उपयोग नाही. एका तंतूतला उजेड स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो. त्यांचंही बंद असेल तर बिघाड स्प्लिटरच्या आधी, रस्त्यावर. त्यांचं चालू आणि तुझं बंद, तर स्प्लिटरपासून तुझ्या भिंतीपर्यंत. हे वाक्य तू तक्रार करताना बोललीस तर लाइनमन योग्य जागी शिडी लावतो. त्याच्याकडे पॉवर मीटर असतो. साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मधला आकडा चालतो. उणे २७च्या खाली गेला तर नेट येत-जात राहतं. तो मोजेल तेव्हा आकडा विचारून घे आणि तारखेसकट वहीत लिही. पुढच्या वर्षी तोच आकडा फार उपयोगी पडेल.

दिवे ठीक आणि नेट नाही, अशी वेळ आली तर पुढची पायरी. लॅपटॉप वायरने थेट राउटरला लाव. वायरने चालतं आणि वायफायने नाही, म्हणजे दोष हवेतला. आजोबांच्या इमारतीचा मागचा भाग जुन्या वाड्याचा आहे. दगड-विटांच्या त्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ गिळून टाकतात. मागच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झच वापर. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि सदाशिव पेठेत घराला घर लागून असल्यामुळे सगळ्यांचे राउटर तिथेच गर्दी करतात. आजीने राउटर माळ्यावर स्टीलच्या डब्यांमागे ठेवलाय, दिसायला नको म्हणून. तो खाली आण. आजीला मी सांगतो.

वायरनेही नाही चाललं, तर लॅपटॉपला मिळालेला आयपी पत्ता बघ. १९२.१६८ने सुरू होत असेल तर राउटरशी बोलणं झालंय. १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ताच दिला नाही, लॅपटॉपने स्वतःच एक ठोकून दिलाय. मग दोष वायरीत, लॅपटॉपमध्ये किंवा राउटरमध्येच. पत्ता बरोबर असेल तर पिंग कर, आधी राउटरला, मग बाहेर ८.८.८.८ला. माइक मूस नावाच्या अमेरिकन माणसाने १९८३च्या डिसेंबरात लिहिलेला हा छोटा प्रोग्राम इतका चांगला आहे, की आजही त्याला याहून चांगला पर्याय नाही. आकड्याला पिंग जातो पण कुठलंही संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर समज की डीएनएस बिघडलंय. नाव सांगितलं की नंबर देणारी ती यंत्रणा. आमच्या वेळची १९७ चौकशी बंद पडली तर फोन चांगला असूनही नवा नंबर लागायचा नाही, तसंच. राउटरमध्ये डीएनएसचा दुसरा पत्ता भरला की काम होतं.

आजोबांच्या जुन्या डेस्कटॉपबद्दल एक वेगळी सूचना. त्याच्या आतला बटणासारखा सेल संपला की बंद-चालू केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग बँकेचं, मेलचं, कुठलंही सुरक्षित पान उघडताना ब्राउझर धोक्याचा इशारा देतो, कारण त्या पानाचं प्रमाणपत्र त्याच्या मते अजून सुरूच झालेलं नसतं. घरातले म्हणतात व्हायरस आला. कोपऱ्यातलं घड्याळ बघ, सेल बदल.

बाहेरची कारणं पुण्यात राहून तुला आता ओळखू यायला हवीत. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, तेव्हा तुझ्याकडे इन्व्हर्टर असला तरी गल्लीतल्या कंपनीच्या डब्याकडे असेलच असं नाही. समान पाणीपुरवठ्याच्या जलवाहिन्यांसाठी रस्ते खणले गेले, मेट्रोचे खांब उभे राहिले. प्रत्येक खोदकामाच्या कडेने कुणाची ना कुणाची केबल जाते. झाडांवरून ओढलेल्या वायरी खारी कुरतडतात. आणि कधी कधी कारण फार लांबचं असतं. ३० जानेवारी २००८ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन मोठ्या केबली तुटल्या आणि भारतातलं नेट कित्येक दिवस रांगत होतं. अशा वेळी देशातली पानं भराभर उघडतात, परदेशातली अडखळतात. त्या दिवशी राउटरशी झटापट करण्यात अर्थ नाही.

विजेबद्दल एवढंच, की फायबरमधून वीज शिरत नाही पण राउटरच्या ॲडॉप्टरमधून शिरते. वळिवाचे ढग गडगडायला लागले की पिन काढून ठेव.

आता मेल. इथे मला जास्त लिहायचं आहे, कारण नेट गेलं तर सगळं घर ओरडतं, पण मेल यायची थांबली तर कुणाला पत्ताच लागत नाही. आजोबांच्या पेन्शनची पत्रं, बँकेची पत्रकं, औषध कंपनीची बिलं, सगळं त्या एका पत्त्यावर येतं. नोव्हेंबरात त्यांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो डिजिटल देण्याची जीवन प्रमाण नावाची सोय २०१४पासून आहे, पण काही चुकलं तर त्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचायला हवी ना! ऐंशीच्या पुढच्या माणसाचं पत्र हरवणं मला साधी गोष्ट वाटत नाही.

गूगल फुकट १५ जीबी जागा देतं, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. १ जून २०२१पासून फोटोही त्यात मोजले जातात. आजोबांच्या फोनमधला प्रत्येक फोटो आपोआप वर चढत होता: गणपतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ, सुप्रभातची फुलं. जागा भरली की नवी मेल आत येत नाही, ती पाठवणाऱ्याकडे परत जाते. म्हणजे आजोबांना काहीच दिसत नाही आणि बँकेच्या संगणकाला मात्र "पेटी भरली आहे" असं उत्तर मिळतं. ते तिथे कोण वाचतं? जागेचा हिशेब दाखवणाऱ्या पानावर जाऊन मोठे व्हिडिओ आधी काढ, मग ट्रॅशही रिकामा कर. नुसतं डिलीट केलं तर जागा लगेच सुटत नाही. आणि काय काढायचं ते आजोबांना विचारून काढ. त्यात आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो आहेत.

मेल येणं आणि मेल जाणं हे दोन वेगळे रस्ते आहेत, हेही पक्कं लक्षात ठेव. येणारी मेल आयमॅपने येते, पोर्ट ९९३वरून. जाणारी एसएमटीपीने जाते, पोर्ट ५८७ किंवा ४६५वरून. "येते पण जात नाही" अशी तक्रार असेल तर नेटला दोष देऊ नकोस. जाणाऱ्या बाजूची सेटिंग बघ. जुन्या काळी तिथे पोर्ट २५ भरलेला असायचा. घरच्या कनेक्शनवरून तो पुष्कळ कंपन्यांनी स्पॅम रोखण्यासाठी बंद केलेला असतो. आजोबांच्या डेस्कटॉपवरच्या मेलच्या जुन्या प्रोग्रामला पासवर्ड बरोबर असूनही "चुकीचा" असं उत्तर मिळतं, त्याचंही कारण आहे: ३० मे २०२२पासून गूगलने नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं बंद केलं. एकतर गूगलच्या पानावरून साइन-इन करणारा नवा प्रोग्राम घे, नाहीतर दुहेरी पडताळणी सुरू करून त्या प्रोग्रामपुरता सोळा अक्षरी ॲप पासवर्ड काढ. आजोबांचा पासवर्ड पुनःपुन्हा बदलत बसू नकोस. प्रत्येक बदलाबरोबर त्यांचा फोन आणि टॅबही बाहेर पडतात आणि ते गोंधळतात.

ब्राउझरमधून मेल दिसते आणि प्रोग्राममधून नाही, तर खातं ठीक आहे, प्रोग्राम बिघडलाय. दोन्हीकडे नाही, तर खात्यात बघ. आणि परत आलेल्या मेलमधलं ते इंग्रजी पत्र पुसून टाकू नकोस, त्यातच उत्तर असतं. ४ने सुरू होणारा तीन आकडी क्रमांक असेल तर अडचण तात्पुरती, यंत्र स्वतःच पुन्हा प्रयत्न करतं. ५ने सुरू होणारा असेल तर कायमची: ५५० बहुतेक वेळा पत्ता चुकल्याचा, ५५२ जागा भरल्याचा किंवा मेल फार मोठी झाल्याचा. अटॅचमेंट पाठवताना फाइल साधारण एक-तृतीयांशाने फुगते, म्हणून २० एमबीची फाइल २५ची मर्यादा असलेल्या पलीकडच्या यंत्राने नाकारली तर नवल नाही.

तक्रार करायची तर बिलावर छापलेल्या नंबरवरच फोन कर. हे मी तुला विनवून सांगतो. गूगलवर "कस्टमर केअर" शोधून मिळालेल्या नंबरवर कधीही नाही. तिथे भामटे बसलेले असतात. गोड बोलून एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावतात आणि आजोबांचं खातं धुऊन नेतात. कनेक्शन दुरुस्त करायला कुठल्याही खऱ्या माणसाला ओटीपी लागत नाही. चुकून असं घडलंच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० फिरवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस. त्या क्रमांकाशिवाय तू फोन केलाच नव्हतास असं समज. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत जाता येतं आणि तिथेही तोच क्रमांक मागतात. कॉल सेंटरवरच्या पोरीला मात्र रागावू नकोस. तिच्यासमोर एक लिखित यादी असते आणि तिला त्याच क्रमाने विचारावं लागतं. "लॉस लाल आहे, खालच्यांचं चालू आहे, वायर चेंगरलेली नाही" एवढं तू आधीच सांगितलंस तर तिचं आणि तुझं दोघींचं काम सोपं होतं. लाइनमन आला की त्याला पाणी विचार, आणि त्याच्याशेजारी उभी राहून तो काय करतो ते बघ. पावसात खांबावर चढणाऱ्या माणसांच्या जिवावर हे सगळं चालतं, हे मी तीस-पस्तीस वर्षं डोळ्यांनी पाहिलंय.

एका वेळी एकच गोष्ट बदल. बदललीस की बघ, फरक पडला नाही तर पूर्ववत कर, मग पुढची. परवा तू राउटर, पिन, वायफायचा पासवर्ड, आजोबांचा पासवर्ड असं सगळं एका तासात हलवलंस, आणि मग कशाने काय झालं हे तुलाही सांगता येईना. हा स्वभाव नेटपुरता नाही म्हणून बोलतोय. तू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, पुढे याहून मोठी यंत्रं तुझ्या हातात येतील.

येत्या रविवारी एक वही काढ. बिलावरचा तक्रार नंबर, ग्राहक क्रमांक, वायफायचं नाव, लाइनमनने भरलेलं युजरनेम आणि सगळं नीट चालू असतानाचा राउटरचा दिव्यांसकट फोटो, एवढं त्यात जमव. पासवर्ड त्यात लिहू नकोस, ते आजोबांकडे बंद पाकिटात राहू देत. मग आजोबांना शेजारी बसवून मेलच्या जागेचा हिशेब कुठे दिसतो ते त्यांच्याच हाताने उघडायला शिकव. ते एकदा शिकले की विसरणार नाहीत. हे सगळं करूनही अडलं, तर मला फोन कर आणि पहिलं वाक्य "काय चालू आहे" याचं सांग. मग मी लगेच निघेन.

आजी-आजोबांना साष्टांग नमस्कार.

तुझा,
मामा